एलईडीचं हलतं पोस्टर : भोकं सगळ्यात शेवटी

डिसेंबर संपत आला की आमच्या गल्लीतली पोरं सनबोर्ड काखेत मारून दारात उभी राहतात. पोस्टर चिकटवलेलं, पन्नास भोकं पाडलेली, पन्नास एलईडी हॉट ग्लूने घट्ट बसवलेले. "दादा, पेटंना की ओ!" मग एकेक एलईडी उचकटायचा, ग्लू खरवडायचा, आणि तिसऱ्या एलईडीची वायर मुळातच सुटलेली होती हे रात्री अकराला कळायचं. सामान चांगलं असतं, पोरं हुशार असतात, प्रोग्रॅमही बऱ्याचदा बरोबर असतो. चुकतो तो क्रम. ज्या कामाला हात घातला की मागे फिरता येत नाही ते काम, म्हणजे भोकं पाडणं आणि चिकटवणं, उत्साहात सगळ्यात आधी उरकलं जातं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. उदाहरणादाखल एकच पोस्टर शेवटपर्यंत घेतलंय: सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं, २ फूट बाय ३ फूट. त्यात मिरवणुकीतल्या सात नंदीध्वजांच्या काठ्या, खाली तळ्याचं पाणी आणि वर होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. एकूण ५० एलईडी. गणपती मंडळाचं असो, मार्कंडेय रथोत्सवाचं असो की शाळेच्या प्रदर्शनाचं, चित्र बदलेल, रीत हीच.

## सामान घेताना

दिवे चालवणारा बोर्ड (प्रोग्रॅम साठवून चालवणारी छोटी सर्किटची पाटी) म्हणून आर्डुइनो ऊनो किंवा नॅनो घ्या. ही पहिलीच वेळ असेल तर ऊनो बरा, त्यात वायर खोचता येतात. वायफायवाल्या बोर्डाचा मोह या खेपेला टाळा. तो डेटा पिनवर ३.३ व्होल्ट देतो, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या एलईडीला सिग्नल ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. घरी टेबलावर चालतं आणि मांडवात रुसतं, ते बऱ्याचदा यामुळे.

एलईडी घेताना मात्र तोंडाने स्पष्ट मागा: "पिक्सेल, डब्ल्यूएस २८११, पाच व्होल्ट, तीन वायरचे, बारा मिलिमीटर." ५० नगांची तयार माळ मिळते. मांडववाल्यांकडे चालणाऱ्या माळा १२ व्होल्टच्याही असतात आणि दिसायला डिट्टो तशाच असतात. चार वायरची आरजीबी माळ तर वेगळीच, तिच्यातले सगळे एलईडी एकदमच रंग बदलतात. आपल्याला प्रत्येक दिवा वेगळा हुकमात हवा.

याशिवाय ५ व्होल्ट ५ अँपिअरचा बंद डब्यातला अडॅप्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (६.३ व्होल्ट किंवा त्याहून वरचा), ३३० किंवा ४७० ओहमचा एक रेझिस्टर, ०.७५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर, ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड आणि साधा मल्टिमीटर. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड स्वस्त पडतो खरा, पण ५० एलईडींच्या वजनाने पोट काढतो. आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या काही केबलमधून फक्त वीज जाते. तसल्या केबलपायी मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ बोर्डाला शिव्या घातल्यात.

थांबा. स्क्रूवाली उघडी पॉवर सप्लाय (जाळीच्या पत्र्याची पेटी) नवख्याने घेऊ नये. तिच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. शाळेतली मुलं काम करणार असतील तर ती घरात आणूच नका.

## टप्पा १ : कागदावर नकाशा

पोस्टर जेवढं, तेवढाच ब्राउन पेपर घ्या. त्यावर चित्राची ढोबळ रेघ काढा आणि जिथे जिथे दिवा हवा तिथे गोल करून आत क्रमांक घाला. क्रमांक शून्यापासून. पन्नास दिवे म्हणजे ० ते ४९. पहिल्या दिव्याला १ म्हणालात की पुढे प्रत्येक आकडा एकाने हुकतो आणि पहिला दिवा कधीच पेटत नाही.

आपल्या पोस्टरची वाटणी अशी:

० ते २० : सात काठ्या, प्रत्येकीवर तीन दिवे
२१ ते २९ : तळ्याच्या पाण्यावर नऊ
३० ते ३३ : वर जाणाऱ्या बाणाची शेपटी, चार
३४ ते ४१ : फुटलेल्या बाणाचं आतलं कडं, आठ
४२ ते ४९ : बाहेरचं कडं, आठ

क्रमांक मनाला येतील तसे घालायचे नाहीत. माळ सलग असते, त्यामुळे क्रमांक म्हणजे तिची वाट. पहिल्या काठीवर ०, १, २ असे खालून वर गेलात की माळ वरच्या टोकाला पोचलेली असते. दुसऱ्या काठीवर ती वरून खाली उतरणार: ३ सगळ्यात वर, ५ सगळ्यात खाली. तिसरी पुन्हा खालून वर. नागमोडी वाट. म्हणून नकाशाच्या कडेला प्रत्येक काठीचे आकडे खालून वर असे लिहून ठेवा:

पहिली : ०, १, २
दुसरी : ५, ४, ३
तिसरी : ६, ७, ८
चौथी : ११, १०, ९
पाचवी : १२, १३, १४
सहावी : १७, १६, १५
सातवी : १८, १९, २०

या सात ओळी प्रोग्रॅममध्ये जशाच्या तशा जाणार आहेत. त्या लिहिल्या नाहीत तर एक काठी खालून पेटते, पुढची वरून, आणि मिरवणूक चालल्याऐवजी हिंदकळल्यासारखी दिसते.

आता माळेच्या दोन दिव्यांमधली वायर फुटपट्टीने मोजा. वेगवेगळ्या माळांत ती कमी-जास्त असते. समजा १० सेंटिमीटर भरली, तर नकाशावर लागोपाठच्या दोन गोलांत ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, वळणाला ढील लागते. काठी संपून तळ्याकडे जाताना किंवा तळ्यावरून बाणाकडे चढताना अंतर जास्त पडणारच. तिथे दोन उपाय आहेत. माळ कापून मध्ये तीन वायरचा तुकडा सोल्डर करायचा, नाहीतर मधले एक-दोन दिवे पाठीमागे लपवून प्रोग्रॅममध्ये कायमचे बंद ठेवायचे. नवख्यांनी दुसरा उपाय घ्यावा. दोन दिवे वाया जातात, पण सांधा कच्चा राहायची भीती नाही. मात्र पुढचे सगळे क्रमांक तेवढ्याने सरकतात, तर नकाशा तेव्हाच दुरुस्त करा आणि ज्यादा दिव्यांसाठी दुसरी माळ आणून ठेवा. खालचे आकडे सोपेपणासाठी मी लपलेले दिवे न धरता दिलेत.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नकाशा समोरून काढलाय, पण माळ बसणार पाठीमागून. हा कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरा आणि मागच्या बाजूने तेच गोल, तेच क्रमांक गिरवा. वर मोठ्या अक्षरात "मागून" लिहा. माझ्या पहिल्या पोस्टरला ही अक्कल नव्हती. समोरचा नकाशा बघत मी मागून दिवे खोचत गेलो. शेवटची काठी आधी पेटली, मिरवणूक मागे मागे चालली आणि बघायला आलेली म्हातारी माणसं तोंडाला पदर लावून हसली.

तपासा. नकाशावर बोट ठेवून ० ते ४९ मोठ्याने मोजत जा. एकही क्रमांक दोनदा नाही, एकही सुटलेला नाही, बोट कुठेही उडी मारत नाही.

## टप्पा २ : विजेचा हिशोब

एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ५० गुणिले ६० म्हणजे ३००० मिलिअँपिअर, ३ अँपिअर. अडॅप्टर नेहमी दीडपट धरावा, म्हणून ५ अँपिअरचा सांगितला. आपल्या पोस्टरात सगळे दिवे एकदम पांढरे होणार नाहीत हे खरं, पण प्रोग्रॅम चुकला की होतात, आणि तो चुकणारच.

माळेची वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून घ्यायची नाही. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, त्यावर चार-सहा दिव्यांची चाचणी होईल, पोस्टर नाही. "पहिले दहा दिवे लागले म्हणून पुढचेही जोडले" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि त्यानंतर बोर्डाचा जळका वासही घेतलाय.

जोडणी अशी. अडॅप्टरचा प्लस आणि मायनस थेट माळेला. तिथेच, माळेच्या तोंडाशी, कपॅसिटर. त्याच्या अंगावर पट्टा असतो ती बाजू मायनसला. उलटा लागला तर तो फुगतो, कधी फुटतोही. बोर्डाच्या ६ नंबरच्या पिनवरून डेटाची वायर रेझिस्टरमधून पहिल्या दिव्याकडे. रेझिस्टर दिव्याच्या जवळ ठेवा आणि ही वायर एक फुटाच्या आत बसवा. आणि बोर्डाचा ग्राउंड (जीएनडी लिहिलेली पिन) अडॅप्टरच्या मायनसला जोडा. ही एक काळी वायर विसरणारे दहातले सात असतील. ती नसली तर दिवे पेटतात, पण वेड लागल्यासारखे.

पोस्टर तयार झाल्यावर बोर्डालाही त्याच अडॅप्टरची वीज द्यायची, पण ५ व्होल्ट लिहिलेल्या पिनवर. व्हीआयएन पिनला निदान ७ व्होल्ट लागतात, तिथे ५ दिले की बोर्ड अर्धवट जागा राहतो.

थांबा. यूएसबी लावून प्रोग्रॅम चढवताना बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनची वायर काढून ठेवा. दोन्हीकडून वीज एकाच वेळी नको. ग्राउंड मात्र जोडलेलाच हवा.

## टप्पा ३ : आधी नुसता बोर्ड

माळ बाजूला ठेवा. कॉम्प्युटरवर आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) उघडा, तयार उदाहरणांतलं "ब्लिंक" चढवा. बोर्डावरचा छोटा दिवा सेकंदाला लुकलुकला पाहिजे. मग प्रोग्रॅममधला १००० चा आकडा १०० करून पुन्हा चढवा. वेग वाढला तर बोर्ड तुमचं ऐकतोय. नव्या बोर्डात ब्लिंक कारखान्यातूनच भरलेलं असू शकतं, म्हणून नुसतं लुकलुकणं म्हणजे पुरावा नव्हे.

पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. मग ड्रायव्हर. स्वस्तातल्या नॅनोवर सीएच ३४० नावाची चिप असते आणि काही कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. पोर्ट दिसतंय पण प्रोग्रॅम चढत नाही, "नॉट रिस्पॉन्डिंग" म्हणून लाल ओळी येतात, अशा वेळी नॅनो असेल तर प्रोसेसरच्या यादीत "ओल्ड बूटलोडर" निवडून पाहा. बाजारातल्या कितीतरी नॅनोंना तोच लागतो.

## टप्पा ४ : माळ टेबलावर, पोस्टरशिवाय

आयडीईच्या लायब्ररी मॅनेजरमधून "ॲडाफ्रूट निओपिक्सेल" ही लायब्ररी (तयार कोडचा संच) टाकून घ्या. तिच्या उदाहरणांत "स्ट्रँडटेस्ट" आहे. त्यात दिव्यांची संख्या ६० लिहिलेली असते, ती ५० करा. पिन ६ आधीच असते.

माळेला दोन तोंडं असतात. डेटा एकाच दिशेने जातो. पारदर्शक राळेतून आतली छोटी पाटी बघा. ज्या बाजूला डीआय लिहिलंय तिकडून आत, डीओकडून बाहेर. वायरच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, ते माळेगणिक बदलतात.

जोडताना आधी ग्राउंड, मग प्लस, मग डेटा. काढताना उलट. चालू विजेत वायर काढू-खोचू नका. सुरू करतानाही आधी अडॅप्टर, मग यूएसबी. माळेला वीज नसताना बोर्ड डेटा पाठवत राहिला तर पहिला दिवा त्या डेटाच्या वायरीतूनच वीज ओढायला बघतो आणि तोच मरतो.

स्ट्रँडटेस्ट पहिल्यांदा लाल, मग हिरवा, मग निळा रंग माळेवरून पळवतं. तुमच्याकडे हिरवा, मग लाल आला तर माळ बिघडलेली नाही, रंगांचा क्रम वेगळा आहे. उदाहरणात "जीआरबी" लिहिलेलं असतं, या बारा मिलिमीटरच्या पिक्सेलना बऱ्याचदा "आरजीबी" लागतं. तेवढा एक शब्द बदला. हे आत्ताच करा. नाहीतर पुढे काठ्यांवरच्या ज्योती हिरव्या दिसतील आणि तुम्ही ज्योतीच्या आकड्यांशी झगडत बसाल.

आता माळ पूर्ण पांढरी करा आणि मल्टिमीटर शेवटच्या दिव्याच्या प्लस-मायनसला लावा. ४.५ व्होल्टच्या वर असेल तर ठीक. त्याखाली गेलं की शेवटाकडचे दिवे पिवळट, मग तांबूस दिसू लागतात. निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून उपासमार आधी त्यांची होते. उपाय सोपा: अडॅप्टरपासून लाल-काळ्या वायरची आणखी एक जोडी माळेच्या शेवटच्या टोकाला द्या. डेटा मात्र एकाच टोकाकडून.

तपासा. माळ अर्धा तास चालू ठेवा. एकेक दिवा बोटांनी हलवा, वायर किंचित ओढा. जो मिचकावेल तो आत्ताच बदला.

## टप्पा ५ : प्रोग्रॅम, आधी मराठीत

तयार कोड मी मुद्दाम देत नाही. तो उतरवून घेतला की आकडे दुसऱ्याच्या पोस्टरचे येतात आणि मग बदलायचं काय हेच कळत नाही. आधी दृश्यांचा तक्ता वहीत करा. आपला असा:

पहिलं दृश्य : काठ्या एकामागून एक पेटतात. एका काठीला ४०० मिलिसेकंद. सात काठ्या, २.८ सेकंद.
दुसरं : सगळ्या काठ्या ज्योतीसारख्या हलतात, ३ सेकंद.
तिसरं : बाण चढतो, ३० ते ३३, प्रत्येकी ८० मिलिसेकंद.
चौथं : आतलं कडं फुटतं, १२० मिलिसेकंदांनी बाहेरचं, मग दीड सेकंदात दोन्ही विझत जातात.
पाचवं : काठ्याही विझतात. २ सेकंद अंधार.
तळ्याचं पाणी या सगळ्यात मंद चालूच.

पाचव्या दृश्याला मंडळातली पोरं हटकून विरोध करतात. "बंद पडल्यासारखं वाटतंय की ओ." पाणी चालू असतं, त्यामुळे बंद वाटत नाही, आणि पुढची पहिली काठी पेटताना बघणारा थांबतो तो या अंधारामुळेच. पन्नासही दिवे सतत नाचवले तर लोक रंगीत माळ बघून पुढे जातात. चित्रात काय चाललंय ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रोग्रॅमात दोन आकडे सतत जवळ ठेवायचे: सध्या कुठलं दृश्य चालू आहे आणि ते कधी सुरू झालं. प्रत्येक फेरीला घड्याळ, म्हणजे "मिलिस", बघायचं. दृश्याची वेळ संपली असेल तर पुढचं दृश्य, सुरुवातीची वेळ आत्ताची. संपली नसेल तर त्या क्षणाचे रंग भरायचे. सगळ्यात शेवटी एकदाच "शो", म्हणजे भरलेले रंग माळेला पाठवायचा हुकूम.

इथे हमखास होणाऱ्या चुका

"डिले" वापरून थांबणं. तेवढा वेळ बोर्ड दुसरं काहीच करत नाही. काठी पेटवताना ४०० मिलिसेकंद थांबलात की तळ्याचं पाणीही तेवढं गोठतं. पाणी आणि काठ्या एकत्र चालायला हव्या असतील तर मिलिसला पर्याय नाही.

वेळ "इंट" (छोट्या पूर्णांकांचा प्रकार) मध्ये साठवणं. ऊनो-नॅनोवर इंटमध्ये ३२,७६७ च्या वर मावत नाही. पोस्टर पहिला अर्धा मिनिट अगदी छान चालतं आणि ३३ व्या सेकंदाला दृश्यं सुसाट धावू लागतात. लोक एलईडी बदलतात, अडॅप्टर बदलतात. बदलायचा असतो एक शब्द: "अनसाइन्ड लाँग".

विझवण्यासाठी लायब्ररीचं "सेट ब्राइटनेस" पुन्हा पुन्हा वापरणं. या लायब्ररीत ते साठवलेल्या रंगांनाच कात्री लावतं, त्यामुळे वर-खाली करत गेलात की रंग हळूहळू बिघडतो. ते सेटअपमध्ये (प्रोग्रॅमचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) एकदाच द्या. १०० पुरेसं आहे, रात्री २५५ डोळ्यांत घुसतं. विझण्यासाठी स्वतःचा "चमक" नावाचा आकडा २५५ वरून ० कडे आणा आणि दर फेरीला रंग त्याने गुणून, २५५ ने भागून भरा. गुणताना इंट पुन्हा अपुरा पडतो (२५५ गुणिले २५५ म्हणजे ६५,०२५), तिथेही मोठा प्रकार वापरा.

सगळ्या ज्योती एकदम हलवणं. ज्योतीचा रंग लाल २५५, हिरवा ९० च्या आसपास, निळा ५ असा घ्या. हिरवा ११० च्या पुढे गेला की ज्योत जाऊन ट्यूबलाइट येते. दर ७० मिलिसेकंदांनी प्रत्येक दिव्यासाठी वेगळा यादृच्छिक आकडा, १५० ते २५५ मधला. सगळ्यांना एकच आकडा दिला तर ते व्होल्टेज कमी-जास्त झाल्यासारखं दिसतं, आणि आपल्याकडे ते दृश्य लोकांना फार ओळखीचं आहे.

पाण्यासाठी मंद निळा: लाल ०, हिरवा ३०, निळा ८०, तोही हळू वर-खाली. आकडे समान पायऱ्यांनी बदलले तरी डोळ्याला ते खालच्या टोकाला झटके दिल्यासारखे आणि वरच्या टोकाला स्थिर वाटतात. लायब्ररीत "गॅमा" नावाचं फंक्शन आहे, त्यातून रंग काढून घेतला की पाणी पाण्यासारखं हलतं. गॅमामुळे रंग आणखी काळवंडतात, तेव्हा त्यातून काढायचा निळा १६० च्या आसपास ठेवा.

तपासा. माळ नकाशाच्या कागदावर पसरा, प्रत्येक दिवा आपापल्या गोलावर, आणि अख्खा खेळ किमान दहा मिनिटं बघा. अजून एकही भोक पडलेलं नाही हे लक्षात असू द्या. आत्ता काहीही बदलता येतं.

## टप्पा ६ : आता भोकं

छापलेलं विनाइल सनबोर्डवर चिकटवून एक रात्र जाऊ द्या. समोरचा नकाशा वर टेपने लावा आणि प्रत्येक गोलाच्या मध्यावर टाचणी टोचा. मग कागद काढून ड्रिल.

ड्रिल समोरून मारायचं, छापील बाजूने, कमी वेगात, खाली लाकडाची फळी ठेवून. मागून मारलं तर बिट बाहेर पडताना विनाइलच्या चिंध्या करतो. पहिलं भोक उरलेल्या तुकड्यात पाडा आणि दिवा खोचून बघा. "बारा मिलिमीटर" म्हणून विकलेले दिवे सगळे बाराच भरतात असं नाही. दिवा अंगठ्याच्या जोराने आत जाऊन अडकला पाहिजे. सहज घसरला तर बिट अर्ध्या मिलिमीटरने लहान घ्या.

## टप्पा ७ : माळ बसवणं

"मागून" लिहिलेली बाजू समोर ठेवा आणि ० पासून खोचत जा. दर सातव्या-आठव्या दिव्याला थांबून प्रोग्रॅम चालवून बघायचा. कंटाळवाणं आहे, पण बारावा दिवा चुकलाय हे पन्नासाव्याला कळण्यापेक्षा बरं.

सगळं नीट चाललं की मगच ग्लू, तोही प्रत्येक दिव्याला नको. घट्ट बसलेल्याला लावूच नका. वायरची ढील झिप टायने बांधा म्हणजे वजन दिव्यांवर येत नाही. आणि पोस्टर एप्रिलच्या जयंतीसाठी असेल तर हॉट ग्लूवर अजिबात विसंबू नका. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, बंद टेम्पोत किंवा पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त तापतं, आणि ग्लू मऊ पडून दिवे एकेक करून मान टाकतात. तिथे सिलिकॉन वापरा.

बोर्ड आणि सांधे प्लास्टिकच्या डब्यात बंद करा. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेची, धूळ ज्याने खाल्लीय त्याला कारण सांगायला नको. अडॅप्टर मात्र डब्याबाहेर मोकळ्या हवेत, आणि जमिनीवर नाही.

## टप्पा ८ : जागेवर नेण्याआधी

घरी सलग चार तास चालवा. तासाने अडॅप्टरला हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो अडॅप्टर खोट्या आकड्याचा आहे, बदला. पाच-सहा वेळा मुद्दाम स्विच बंद-चालू करा. मांडवातला जनरेटर हेच करणार आहे. वीज परत आल्यावर पोस्टर कुणी हात न लावता पहिल्या दृश्यापासून सुरू झालं पाहिजे. वीज येताना काही दिवे भलत्याच रंगात पेटलेले असू शकतात, म्हणून सेटअपमध्ये सगळ्यात आधी "क्लिअर" (सगळे रंग पुसायचा हुकूम) आणि "शो".

मांडवातली जोडणी मांडववाल्याच्या इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग असलेल्या बोर्डावरूनच घ्या.

## पेटलं नाही तर

काहीच पेटत नाही : माळेच्या तोंडाशी ५ व्होल्ट मोजा. आहेत तर डेटा उलट्या टोकाला लागलाय का बघा.

वेडेवाकडे रंग, हात नेला की बदलतात : ग्राउंडची ती काळी वायर.

काही दिवे नीट, पुढचे सगळे मेलेले : दोष शेवटच्या पेटणाऱ्या दिव्यात किंवा पहिल्या न पेटणाऱ्या दिव्यात असतो. प्रत्येक दिवा सिग्नल नव्याने घडवून पुढे देतो, त्यामुळे साखळी नेमकी तिथेच तुटते. आधी दोघांमधली वायर तपासा.

यातला तिसरा प्रकार मांडवात, गर्दीत होतो. म्हणून सोबत पाच सुटे पिक्सेल न्या आणि ते घरीच तयार ठेवा: दोन्ही बाजूंच्या तीन-तीन वायर सोललेल्या, टोकाला कथील लावलेलं, डेटा आत जाणाऱ्या बाजूला लाल चिकटपट्टी. अडॅप्टर बंद करायचा, मेलेला दिवा कापायचा, लाल पट्टीची बाजू शून्याकडे ठेवून नवा जोडायचा, टेप मारायचा. सोल्डरिंग गन मिळाली नाही तरी वायर घट्ट पिळून ती रात्र निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सांधा पक्का करून घ्या.